विलायतेतले चोर आणि दाराबाहेरचं दूध

विलायतेला जाऊन आलेल्या बाईला आमच्या सोलापुरात दोन प्रश्न हमखास विचारतात. तिकडे पायांत सपाता घालून स्वयंपाक करतात हे खरं का, हा एक; आणि गोरे लोकही चोऱ्या करतात का, हा दुसरा. पहिल्याला 'हो' म्हणून मी मोकळी होते. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला बसायला पाट लागतो, आणि 'हे' घरात नसावे लागतात. आज हे मामांकडे मैंदर्गीला गेले आहेत, तेव्हा सगळं लिहूनच काढते.

हे एका गिरणीच्या रंगखात्यात आहेत. रंगाचं नवं शास्त्र शिकून यावं म्हणून मालकांनी यांना वर्षभरासाठी मँचेस्टरपलीकडच्या ओल्डहॅम गावी पाठवायचं ठरवलं. पदरात अजून मूल नव्हतं, आणि यांना स्वतःच्या हातचा चहासुद्धा गिळवत नाही, म्हणून माझंही तिकीट निघालं.

मैंदर्गी

निघण्याआधी यांच्या मामांच्या पाया पडायला मैंदर्गीला गेलो. मामा शेतकरी माणूस. आयुष्यात सोलापूरच्या पुढे गेले ते एकदाच, कोल्हापूरला, कुस्त्या बघायला. तेवढ्या भांडवलावर त्यांनी आम्हांला विलायत समजावून सांगितली.

"सूनबाई, तितं लई चोर हायती म्हंत्यात. चालत्या मानसाच्या अंगावरला कोट काढून नेत्यात, आन् मानूस तसंच चालत ऱ्हातंय."

"कुणी सांगितलं, मामा?"

"सांगाया कशाला पायजे? कोल्लापूरला माझं पागोटं गेलं, डोक्यावरलं. कोल्लापूरला ही गत, तर इलायतेला काय आसंल, तूच बग की!"

मी पदर तोंडाला लावला. यांना मात्र ते सगळं पटलं. मामांनी आपला कसा आणला. बाजाराला जाताना पैसे घालून कमरेला बांधायची लांबट पिशवी असते ना, ती. आपल्या हातांनी त्यांनी ती भाच्याच्या कमरेला बांधली आणि गाठ अशी मारली की पुढे मुंबईत ती सोडवायला मला दात लावावे लागले.

बोटीवर आणि मार्सेय

बोटीवर ह्यांचा हात कायम पोटावर. जेवताना डावा, झोपताना दोन्ही. बोटीवरच्या डॉक्टरने दोनदा येऊन जुलाब होतात का म्हणून चौकशी केली. शेवटी शेजारच्या खुर्चीवरचे एक म्हातारे पारशी गृहस्थ यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमचा पैसा कुठे हाय ते आता कप्तानला पण मालूम झालं. हात काढा नी, बावा!"

ह्यांनी हात काढला आणि अर्ध्या तासात पुन्हा ठेवला.

फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलो तेव्हा धक्क्यावर ही गर्दी. एका हाताने कसा आणि दुसऱ्या हाताने पहिला हात असे हे धरून उभे. माझ्या दोन्ही काखांत वळकट्या. मधल्या मध्ये आमचा पत्र्याचा डबा कुणीतरी उचलून नेला. त्यात माझ्या आईने दिलेल्या कडक भाकऱ्या होत्या आणि शेंगाची चटणी होती. माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. पण मग मला तो चोर दिसू लागला. डबा उघडतो आहे, तांबडी पूड बघतो आहे, काहीतरी गोड खाऊ असेल म्हणून चांगली चिमूटभर जिभेवर टाकतो आहे. त्यानंतर मी त्याला माफ केलं. हे मात्र म्हणाले, "बघ, मामा खोटं बोलले न्हाईत की!" आणि त्या दिवसापासून यांच्या लेखी सबंध युरोप खंडात चोरांखेरीज कुणी उरलं नाही.

ओल्डहॅम

ओल्डहॅम बघून मला परकं वाटलं नाही. गिरण्यांची धुराडी, धूर, आणि गिरणी सुटल्यावर रस्ताभर वाहणारी माणसं. घरं तेवढी लाल विटांची, एकमेकांना चिकटून उभी, सगळी एका तोंडवळ्याची. अंगण नाही, ओटा नाही. दार उघडलं की पाऊल थेट रस्त्यात.

खोली मिळता मिळेना. खिडकीत 'भाड्याने देणे' अशी पाटी असायची, आम्ही दार वाजवायचं, घरवालीने आधी ह्यांच्याकडे, मग माझ्या इरकली लुगड्याकडे बघायचं, आणि खोली कालच गेली म्हणून सांगायचं. शेवटी मिसेस हॅलम भेटल्या. उंच, वाळलेल्या, पांढऱ्या केसांच्या विधवा बाई. त्यांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "दारू पिता?"

"आम्ही मांससुद्धा खात नाही," हे म्हणाले. "अंडंही नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "मग खाता काय?"

"दही, भात, भाजी."

त्यांनी खोली दिली, पण एका अटीवर. गल्लीने आधीच नाकं मुरडली होती. गल्लीतून आमच्याबद्दल तक्रार आली, की खोली रिकामी करायची. ह्यांनी मान डोलावली. वर आल्यावर मला म्हणाले, "ही खोली गेली तर दुसरी मिळायची न्हाय. मी कुठंतरी पथारी टाकीन, पण तुला बोटीत बसवून परत धाडावं लागेल. तेव्हा जपून रहा." मला परत जायचं नव्हतं. वर्षभर सासू नाही, जाऊ नाही, विहीर नाही, आणि नवरा संध्याकाळी शेजारी बसून बोलतो, असं सुख मी सोलापुरात बघितलेलं नव्हतं. ते मला सोडायचं नव्हतं, हे इथे सरळच सांगते.

पण जपून राहणं आमच्या नशिबात नव्हतं. पहिल्याच पहाटे, बाहेर अंधार, आणि आमच्या माडीच्या खिडकीवर टकटक. हे ताडकन उठून बसले. काचेवर एक काठी हलत होती. रस्त्यापासून माडीपर्यंत पोचेल एवढी लांब, टोकाला तारा बांधलेली.

"चोर!" हे माझ्या कानात म्हणाले. "काठीनं खिडकी काढतोय!"

मी काही बोलायच्या आत ह्यांनी खिडकी वर सरकवली, काठीचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि विहिरीतून घागर ओढावी तशी काठी आत ओढायला सुरुवात केली. खालून एक म्हातारा ओरडत होता. तोही काठी सोडेना. यांनी दोन हात ओढावी, त्याने एक हात परत न्यावी. समोरच्या, बाजूच्या खिडक्या उघडल्या. मिसेस हॅलम झोपायच्या टोपीतच वर धावत आल्या आणि त्यांनी आधी काठी सोडवली, मग खुलासा केला. आपल्याकडे गिरणीचा भोंगा अख्ख्या गावाला उठवतो. तिकडे त्या कामाला माणूस असतो. ज्यांना पहाटपाळीला जायचं त्यांच्या खिडकीवर तो लांब काठीने टकटक करत गल्लीभर फिरतो. बिचारा नव्या भाडेकरूंनाही गिरणीवालेच समजला होता.

"ही तक्रार धरायची का?" यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

मिसेस हॅलमनी विचार केला. "तो म्हातारा या गल्लीत राहत नाही," त्या म्हणाल्या, आणि खाली निघून गेल्या. जिन्यावर त्यांचं हसू मला ऐकू आलं.

त्यानंतर ह्यांनी मला नियम घालून दिले. एकटीने बाहेर पडायचं नाही, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, मंगळसूत्र पोलक्याच्या आत. हे कॉलेजात गेले की मी आपली खिडकीत बसून असायची. मला एक काम तेवढं होतं, दही लावायचं. दह्यात बुडवून वाळवलेलं फडकं मी सोलापूरहून आणलं होतं, त्याच्यावर पहिलं विरजण साधलं. तिकडच्या थंडीत दही लागावं म्हणून भांडं आपल्या सोलापुरी चादरीत गुंडाळून शेगडीजवळ निजवायचं. मिसेस हॅलम रोज सकाळी दूध द्यायच्या आणि माझा तो सोहळा कौतुकाने बघायच्या. दही इतकं घट्ट पडायचं की हे सकाळी कॉलेजला जाताना दहीभात, आल्यावर ताक, रात्री पुन्हा ताकभात, असे तीन वेळा हाणायचे. "आणखी थोडं मिळेल का?" एवढं एक इंग्रजी वाक्य ह्यांना तिथे अगदी बिनचूक येऊ लागलं.

दूध

खिडकीत बसून मला एक भलताच प्रकार दिसू लागला. दूधवाला घोड्याच्या गाडीतून यायचा, दारोदार काचेच्या बाटल्या ठेवायचा आणि निघून जायचा. हाक नाही, माप नाही, पाणी किती घातलंस म्हणून भांडण नाही. आणि ज्या घरांतली सगळीच माणसं गिरणीत, त्यांच्या बाटल्या दारातच, भर रस्त्यावर, दिवसभर! कुणीही यावं, उचलावं. एकदा तर चिमणीएवढा एक पक्षी आला, त्याने बाटलीचं कागदी बूच टोचून फाडलं आणि चोचीने वरची साय खायला लागला. मी काच वाजवली तर माझ्याकडे बघून पुन्हा खायला लागला.

आमच्याकडे शेजारीण घरात नसली आणि गवळी आला, तर दूध आपण घेतो की नाही? घेतो. नासू नये म्हणून तापवतो, झाकून ठेवतो, ती आली की देतो. न दिलं तर शेजार कसला? एके दिवशी ऊनही बरं पडलं होतं. मांजर बाटल्यांभोवती घिरट्या घालत होतं. मिसेस हॅलम बाजारात गेल्या होत्या. मला राहवेना. यांचे सगळे नियम खुंटीला टांगून मी खाली उतरले, दारोदार फिरले, आणि बेवारशी बाटल्या पदरात भरून आणल्या. मग मिसेस हॅलमचं मुरंब्याचं मोठं पातेलं चढवलं आणि सगळं दूध एकत्र ओतून छान उतू येईपर्यंत तापवलं. बाटल्या धुऊन ओळीने पालथ्या घातल्या. काय साय आली होती!

संध्याकाळी गल्लीत ओरडा झाला. समोरच्या मिसेस कूपर, गिरणीत सूत गुंडाळायच्या बाविणीवर काम करणाऱ्या, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम, कमरेवर हात देऊन रस्त्याच्या मध्यभागी उभ्या होत्या. त्यांच्याभोवती आणखी बायका. मी ऐटीत पातेलं घेऊन बाहेर गेले आणि माझ्या मिशनच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "तुमचं दूध माझ्याकडे आहे. मी तापवलं. नासलं नाही. साय बघा."

मिसेस कूपरनी पातेल्यात बघितलं. पातेल्यात मेलेला उंदीर असावा असं तोंड त्यांनी केलं. तिकडे तापल्या दुधाच्या सायीचा लोकांना तिटकारा असतो, हे मला तेव्हा कुठलं ठाऊक!

"म्हणजे इतके दिवस तूच नेत होतीस!" त्या म्हणाल्या.

मग कळलं की गल्लीतलं दूध काही दिवसांपासून खरंच चोरीला जात होतं. आज या दारातलं, उद्या त्या दारातलं. मी पुन्हा पुन्हा सांगत होते की मी फक्त आजच नेलं, तेही सांभाळायला. पण पातेलं हातात धरून उभ्या असलेल्या बाईचं कोण ऐकणार? मिसेस कूपर मिसेस हॅलमना म्हणाल्या, "एडिथ, शनिवारपर्यंत चोर सापडला नाही तर मी पोलीस आणते. आणि ही माणसं या गल्लीत राहणार नाहीत." मिसेस हॅलम लालबुंद झाल्या होत्या. मला वाटलं, आमच्यामुळे बाईंना खाली बघावं लागलं. त्या रात्री मी जेवले नाही. हे माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. हे नुसते म्हणाले, "तुझ्या बोटीचं बघायला पायजे आता," आणि पाठ फिरवून निजले.

शनिवार

शनिवारी पहाटे हे छत्री घेऊन खिडकीत पहाऱ्याला बसले आणि बसल्या बसल्या घोरायला लागले. पहारा माझ्याकडे आला. काठीवाला म्हातारा आमची खिडकी सोडून, लांबून वळसा घालून गेला. दूधवाला येऊन गेला. मग एक दार हळूच उघडलं, डोक्यावरून शाल घेतलेली एक वाकलेली आकृती रस्ता ओलांडून गेली, मिसेस कूपरच्या दारातली बाटली तिने शालीखाली घेतली आणि परत आली. परत आली ती आमच्याच दारात.

मी अनवाणीच खाली गेले. स्वयंपाकघरात मिसेस हॅलम माझ्या दह्याच्या भांड्यात दूध ओतत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला.

"दोन भाडेकरू होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गिरणी बंद पडली, ते गेले. तुम्ही देता त्यात एवढं दूध बसत नाही. आणि तुम्ही दुसरं काही खात नाही. तुझा नवरा रोज म्हणतो, आणखी थोडं. माझ्या घरात माणूस उपाशी मेला असता तर?"

मला हसू आणि रडू एकदम आलं. इतके दिवस मी जे दही चादरीत गुंडाळून निजवत होते ते चोरीचं होतं, आणि चोरी आमच्यासाठी होती. गल्लीचं दूध घट्ट विरजून मीच यांच्या पानात वाढत होते.

तेवढ्यात हे खाली आले. झोप झाल्यामुळे भूक लागलेली. कुणाला काही विचारायच्या आत कालचं दही ओढून भात कालवून खायलाही लागले. आणि दार वाजलं. दारात त्या दिवशी कामावर न गेलेल्या मिसेस कूपर, आणि त्यांच्यामागे दाराच्या चौकटीएवढा पोलीस शिपाई.

"आजही गेलं!" मिसेस कूपर म्हणाल्या. "माझ्या दारातलं!"

पोलिसाने आम्हां सगळ्यांकडे बघितलं. "कुणी काही पाहिलं आहे?"

हे तोंडात घास घेऊन उठले आणि त्याला ऐकवू लागले. मार्सेयपासून आपण चोरांनी कसे गांजलो आहोत, आपल्या पत्नीवर कसा खोटा आळ आला आहे, तिने पहाटेपासून पहारा केला आहे, ती आता चोराचं नाव सांगेल. "सांग गं," हे मला म्हणाले. यांच्या मिशांना दही लागलं होतं.

नाव सांगितलं असतं तर मी सुटले असते. पण मिसेस हॅलम टेबलाची कड घट्ट धरून उभ्या होत्या. खोली देताना त्यांनी माझ्या लुगड्याकडे बघून दार लावलं नव्हतं, ते मला आठवलं. आणि माझं नाव तर असंही गल्लीभर झालंच होतं.

"मी घेतलं," मी म्हणाले.

"नाही," मिसेस हॅलम म्हणाल्या. "तिला काही ठाऊक नव्हतं. मी घेतलं. रोज मीच घेतलं."

पोलीस माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघायला लागला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मिसेस हॅलमकडे, टेबलावरच्या मिसेस कूपरच्या बाटलीकडे, आणि मग स्वतःच्या ताटलीकडे. हळूहळू यांच्या डोक्यात उजेड पडत गेला तो मला चेहऱ्यावर दिसला. माझा नवरा पोलिसाला फार भितो. सोलापुरात शिपाई दिसला तर हे रस्ता बदलतात. पण त्या दिवशी यांनी तोंडातला घास गिळला, मिशा पुसल्या आणि ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, खाल्लं मी."

पोलिसाने टोपी काढून काखेत घेतली. "मॅडम," तो मिसेस कूपरना म्हणाला, "यातलं कुणाला नेऊ?"

मिसेस कूपर मिसेस हॅलमकडेच बघत होत्या. त्या दोघी लहानपणापासून त्याच गल्लीतल्या, हे मला नंतर कळलं. "एडिथ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज प्रथमच लहान झाला, "मला मागायचं होतंस. मी दिलं नसतं का?"

"दिलं असतंस," मिसेस हॅलम म्हणाल्या. "म्हणून तर मागितलं नाही."

मला हे कळायला बराच वेळ लागला. सोलापुरात माझ्या सासूबाई दिवसातून एकदा तरी वाटी घेऊन शेजारी जातात. विरजण, मीठ, गूळ, काहीही. कधी कधी घरात असलं तरी जातात, बोलणं होतं म्हणून. मागण्यात कमीपणा आहे हे आमच्या गल्लीत कुणाच्या मनातही येत नाही. आणि इथे ही सज्जन बाई पहाटे शाल घेऊन चोरी करू शकत होती, पण समोरचं दार वाजवू शकत नव्हती. मला तिचं फार वाईट वाटलं. पोलीस कुणालाच न नेता गेला. मिसेस कूपरही गेल्या. आमच्या खोलीचा विषय कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, गल्ली घरातच होती. मी वाटी घेतली, मिसेस हॅलमना दाखवून रस्ता ओलांडला आणि मिसेस कूपरचं दार वाजवलं. "विरजायला दूध कमी पडलं," मी म्हणाले. "थोडं देता?" त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आत गेल्या आणि वाटी इतकी भरून आणली की मला रस्ताभर पावलं मोजून टाकावी लागली. संध्याकाळी मी त्यांना दही नेऊन दिलं. त्यांनी ते खाल्लं का मांजराला घातलं, मी विचारलं नाही. पण मंगळवारी त्या स्वतः रिकामा कप घेऊन आमच्या दारात आल्या, साखर मागायला. त्यांच्या घरात साखर होती, हे मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

मिसेस हॅलमना मात्र असं मागायला जाणं काही केल्या जमेना. आठवडा गेला. रविवारी सकाळी खिडकीतून बघते, तर त्या कप घेऊन मिसेस कूपरच्या दारापुढे उभ्या. हात वर नेतात, पुन्हा खाली घेतात. दार वाजवत नाहीत, परतही फिरत नाहीत. मी खाली गेले, मागून जाऊन त्यांच्या बाजूने हात पुढे घातला, कडी जोरात आपटली, आणि काष्टा सावरत कोपऱ्यापलीकडे पळून गेले.